केसपेपर आणि पॉलिसी



विषय माझ्यावर सोडला तेव्हा व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना ‘आरोग्यविमा घेताना घ्यावयाची काळजी’ अशा थाटाचं भाषण अपेक्षित असावं. त्यासाठी निवृत्त विमा अधिकारी बरा पडतो. तो येतो, वेटिंग पीरियड समजावून सांगतो, चहा पिऊन जातो. आज तेवढ्यावर भागणार नाही. मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. ज्या डॉक्टरने रुग्णाला तपासायचं, त्याने त्याच रुग्णाला आरोग्यविम्याची पॉलिसी विकू नये. स्वतःच्या नावावर नाही, बायकोच्या किंवा मुलाच्या नावावरही नाही. समोर बरेच डॉक्टर बसले आहेत आणि त्यांच्यापैकी काहींच्या घरी अशी एजन्सी असेल. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून मग रागवावं. मी कुणावर चोरीचा आळ घेणार नाही. उलट, प्रामाणिक डॉक्टरचीच या धंद्यात जास्त कुचंबणा होते असं माझं मत आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्या डॉक्टरांची नि माझी ओळख फक्त कागदावरची. मी सरकारी विमा कंपनीच्या क्लेम खात्यात होतो, ते तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करत. त्यांच्या रुग्णांचे केसपेपर क्लेमच्या फायलींना जोडून आमच्याकडे येत. आमच्या खात्यात कारकुनापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ते अक्षर ओळखू येई, आणि त्या अक्षरात लिहिलेली तारीख पडताळायला कुणी इन्व्हेस्टिगेटर पाठवत नसे. क्लेम खात्यातल्या माणसाला विश्वास ठेवण्याचा पगार मिळत नाही, तेव्हा ही गोष्ट किती मोठी होती ते तुम्हीच ठरवा.

विम्याच्या करारात एक अडचण मुळापासून आहे. गिऱ्हाइकाला जे ठाऊक असतं ते कंपनीला नसतं. १७६६ साली लंडनमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे कार्टर विरुद्ध बोएम हा खटला आला. सुमात्रा बेटावरच्या मार्लबरो किल्ल्याच्या गव्हर्नराने किल्ला परकीयांच्या हाती पडला तर भरपाई मिळावी म्हणून विमा उतरवला होता. फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणारा म्हणाला, किल्ला इतका कच्चा होता हे तुम्ही आम्हाला सांगितलंच नाही. मॅन्सफिल्डनी तत्त्व घालून दिलं की एकाच बाजूला ठाऊक असलेली महत्त्वाची गोष्ट त्या बाजूने दडवू नये. निकाल मात्र गव्हर्नराच्या बाजूने दिला. विमा देणाऱ्याला जे ठाऊक होतं किंवा ठाऊक असायला हवं होतं, ते त्याला पुन्हा कुणी सांगायला पाहिजे असं नाही. आपल्याकडे या निकालाचा पहिला अर्धा भाग कंपन्यांना पाठ असतो आणि दुसरा ग्राहकांच्या वकिलांना.

किल्ल्याच्या जागी शरीर आलं की गुंता वाढतो. किल्ल्याची भिंत कुठे खचली आहे ते गव्हर्नराला दिसत होतं. आपल्या शरीराचं आपल्यालाही धड ठाऊक नसतं. म्हणून आरोग्याच्या विम्यात दोन पक्षांच्या बरोबरीने एक तिसरा माणूस पहिल्यापासून लागतो. तो सांगतो की या माणसाला अमुक आजार आहे, तो अमुक दिवसापासून आहे, आणि त्यासाठी अमुक उपचार खरोखरच गरजेचे होते. आयुर्विम्यात मृत्यूच्या क्लेमला ‘फॉर्म बी’ लागतो, तो शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने भरायचा असतो. आरोग्यविम्यात क्लेम फॉर्मचा ‘अ’ भाग रुग्ण भरतो आणि ‘ब’ भाग रुग्णालय. कॅशलेससाठी जो अर्ज टीपीएकडे, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे, जातो त्यात उपचार करणाऱ्या डॉक्टरसाठी वेगळा भाग असतो. त्यात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा अशी यादी असते आणि प्रत्येकापुढे एक छोटी चौकट, केव्हापासून? महिना आणि वर्ष लिहायचं. आरोग्यविम्याच्या साऱ्या भांडणांचं मूळ या चौकटीत आहे. तिच्यात जो आकडा पडेल त्यावर कुणाचे दोन लाख मिळतात आणि कुणाचे बुडतात. आणि तो आकडा लिहायचा असतो डॉक्टरने, कारण दोन्ही पक्षांना चालेल असा साक्षीदार तेवढा एकच आहे.

आता तोच साक्षीदार कराराचा दलाल झाला तर काय होतं, ते एका साध्या उदाहरणाने पाहू.

गावात एक दुकानदार आहे, वय बावन्न. अडीच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याचा रक्तदाब मोजला, दोन-तीन वेळा जास्त भरला, म्हणून गोळी सुरू केली. गोळी तो कधी घेतो, कधी विसरतो. स्वतःला आजारी समजत नाही. ‘मला काही नाही, जरा बीपी आहे’ हे महाराष्ट्रातलं सर्वांत लोकप्रिय निदान आहे. दोन वर्षांपूर्वी याच डॉक्टरांनी त्याला दहा लाखांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी काढून दिली. एजन्सी डॉक्टरांच्या पत्नीच्या नावावर, फॉर्म दवाखान्यातच कंपाउंडरने भरलेला. रक्तदाबाच्या प्रश्नापुढे ‘नाही’. दुकानदाराने विश्वासाने सही केली. आणि एका पहाटे त्याच्या छातीत कळ आली. शहरातल्या रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली. टीपीएने पत्र पाठवलं की रुग्णाला पूर्वी कोण तपासत होतं, त्यांचे जुने केसपेपर पाठवा.

डॉक्टरांच्या कपाटात तो केसपेपर आहे. त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं आहे, ‘के/सी/ओ एचटी’, म्हणजे रक्तदाबाचा जुना रुग्ण, आणि पुढे अडीच वर्षांपूर्वीची तारीख. तो पाठवला तर रुग्णाचा क्लेम गेला, आणि दोन वर्षांपूर्वीचा ‘नाही’ आपल्या दवाखान्यात, आपल्या समोर, आपल्या फायद्यासाठी लिहिला गेला हेही उघड झालं. नवा केसपेपर करून पाठवला तर खोटं प्रमाणपत्र झालं. डॉक्टरांच्या व्यवसायनीतीचे जे नियम २००२ पासून आहेत, त्यांत खोट्या प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याचं नाव नोंदणीपुस्तकातून काढण्याची तरतूद आहे. ‘कागद सापडत नाहीत’ असं म्हणणं हा तिसरा मार्ग, आणि माझ्या नोकरीच्या काळात मी पाहिलेला सर्वांत वहिवाटीचा. पण तोही मोकळा नाही. उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं कागद जपायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, हेही त्याच नियमांत आहे.

फॉर्म कुणी भरला याला क्लेम खात्यात किंमत नसते. सही कुणाची हे पाहतात. दुकानदाराची सही आहे, म्हणजे लपवलं दुकानदाराने. मेडिक्लेम पॉलिसीत मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार सांगितला नव्हता म्हणून क्लेम नाकारणाऱ्या कंपनीच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निकाल दिला. २०२१ च्या डिसेंबरमध्ये त्याच न्यायालयाचा दुसरा निकाल आला. परदेश प्रवासासाठी विमा काढलेल्या माणसाने मधुमेह असल्याचं सांगितलं होतं, वैद्यकीय तपासणीही झाली होती, मग अमेरिकेत उतरताच हृदयविकाराचा झटका आला. न्यायालय म्हणालं, माहिती हातात असताना जोखीम तुम्ही पत्करलीत, आता त्याच आजाराकडे बोट दाखवून हात वर करता येणार नाहीत. हे दोन निकाल शेजारी ठेवले की माझा मुद्दा आपोआप दिसतो. सांगितलेला आजार पुढे रुग्णाला वाचवतो, न सांगितलेला बुडवतो. आणि ‘सांगू नका’ असं सुचवण्यात ज्याचा फायदा आहे तोच तो आजार ठाऊक असलेला माणूस आहे.

फायदा तरी किती, असं कुणी विचारेल. २०२३ पर्यंत वैयक्तिक आरोग्यविम्यावर एजंटाला जास्तीत जास्त १५ टक्के कमिशन देता येत असे. आता ते किती द्यायचं हे कंपन्यांची संचालक मंडळं ठरवतात, फक्त कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चावर मर्यादा आहे. जुन्याच दराने धरलं तरी ३०,००० रुपये हप्त्यावर ४,५०० रुपये, तेही दर वर्षी, रिन्यूअल होत राहील तोवर. तीनशे रुपये फी घेणाऱ्या डॉक्टरला एवढ्यासाठी पंधरा रुग्ण तपासावे लागतील. शंभर कुटुंबांच्या पॉलिसी असल्या तर साडेचार लाख. हा आकडा एखाद्याला नीतिभ्रष्ट करायला पुरेसा आहे असं मी म्हणत नाही. पण प्रपोजल फॉर्मवर ‘हो’ लिहिलं की हप्ता वाढतो, नाहीतर आजारावर वेटिंग पीरियड लागतो, कधी प्रस्तावच परत येतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, राहू द्या मग. ‘नाही’ लिहिलं की पॉलिसी आठवड्यात हातात. रोज संध्याकाळी दवाखान्यात तीस रुग्ण बसलेले असताना माणूस कोणत्या बाजूला कलतो हे कळायला संशोधन लागत नाही.

तरीही खोटा फॉर्म हा यातला सर्वांत मोठा दोष मला वाटत नाही. खोटं निदान पकडता तरी येतं. ज्याची कधी कुठे नोंदच होत नाही अशी एक गोष्ट आहे. डॉक्टरच्या मनात आपल्या सगळ्या रुग्णांची प्रकृती असते. कोण ठणठणीत, कोणाचं क्रिएटिनिन वाढत चाललंय, कोणाच्या घराण्यात कर्करोग. आणि कंपन्या एजंटनिहाय क्लेम रेशो पाहतात, हे बाहेर फारसं कुणी बोलत नाही. ज्याच्या पॉलिसींवर क्लेम फार, त्याच्याकडचे प्रस्ताव बारकाईने तपासले जातात, शाखाधिकारी भुवई वर करतो. मग डॉक्टर काय करेल? क्रिएटिनिनवाल्याला पॉलिसीचं नावच काढणार नाही. ठणठणीत असलेल्याला सांगेल. ज्याला विम्याची सर्वांत जास्त गरज, त्याच्यापुढे तो विषय येणारच नाही, आणि आपल्याला गाळलं हे त्याला कधी कळणारही नाही. आपण तपासायला म्हणून उघडं केलेलं शरीर कुणीतरी धंद्याच्या हिशेबाने चाळलं, हे त्या माणसाच्या स्वप्नातही येणार नाही. रुग्णाची गुपितं बाहेर फोडू नयेत असा नियम आहे. इथे गुपित फुटत नाही, ते नुसतं वापरलं जातं. त्यासाठी नियमांत शब्द नाही.

क्लेम रेशोचं दुसरं टोकही आहे. एजंट असलेला डॉक्टर रुग्णाला म्हणतो, ‘एवढ्याशासाठी क्लेम लावू नका, नो क्लेम बोनस जाईल.’ सल्ला कधी बरोबर असतो, कधी नसतो. पण तो रुग्णाच्या बोनसची काळजी आहे की डॉक्टरच्या रेशोची, हे ओळखायचं कसं? आणि डॉक्टरचं स्वतःचं नर्सिंग होम असेल तर कल उलटा. चोवीस तास भरती झाल्याशिवाय बहुतेक क्लेम बसत नाहीत, म्हणून ओपीडीत भागणाऱ्या तापाला बेड मिळतो. पॉलिसी विकणारा, भरती करणारा आणि ‘भरती आवश्यक होती’ असं लिहून देणारा हात एकच. मी अशा फायली पाहिल्या आहेत. त्यांत सगळे कागद नेटके असतात. संशय नेटकेपणाचाच येतो.

कायदा काय म्हणतो? २००२ च्या नियमांत सुरुवातीलाच एक सरळ वाक्य आहे. त्याचा आशय असा की डॉक्टरचे आर्थिक हितसंबंध रुग्णाच्या वैद्यकीय हिताच्या आड येता कामा नयेत. पुढे सहाव्या प्रकरणात रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणं-घेणं निषिद्ध ठरवलं आहे. पण ते उपचारासाठी रुग्ण पाठवण्याबद्दल आहे, विमा विकण्याबद्दल त्यात शब्द नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम काढले आणि त्याच महिन्यात स्थगितही केले, म्हणून आपण पुन्हा २००२ वर आलो. विमा कायद्याच्या कलम ४२ मध्ये एजंट कोण होऊ शकत नाही याची यादी आहे. अज्ञान व्यक्ती, वेडसर ठरलेली व्यक्ती, अफरातफरीत दोषी ठरलेली व्यक्ती. डॉक्टर त्यात नाही. दहावी पास, थोडं प्रशिक्षण, एक परीक्षा, की झाला एजंट. वैद्यक परिषद म्हणते हा विम्याचा विषय, विमा प्राधिकरण म्हणेल हा वैद्यकीय नीतीचा. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी गत.

कमिशनच्या बाबतीत महाराष्ट्राची जुनी कहाणी आहे, ती इथे विसरून चालणार नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरच्या संशोधनामुळे जगाला माहीत आहेत. २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राने रुग्ण पाठवल्याबद्दल १,२०० रुपयांचा चेक त्यांना पाठवला, आणि तो खिशात घालण्याऐवजी त्यांनी थेट महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. २०१७ मध्ये राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला, वर्तमानपत्रांत गाजला, पण त्याचा कायदा झाला नाही. विम्याचं कमिशन मात्र त्या मसुद्याच्या वेळच्या चर्चेतही फारसं आलं नाही. कट हा लपूनछपून दिला जातो, विम्याचं कमिशन बँकेत जमा होतं, त्यावर टीडीएस कापला जातो. म्हणून ते पांढरं दिसतं. पैसा पांढरा असला म्हणजे त्याचा सल्ल्यावर परिणाम होत नाही असं थोडंच आहे?

काही मित्र म्हणतात, मग उघड करून टाकू. दवाखान्यात पाटी लावू की डॉक्टर अमुक कंपनीचे एजंट आहेत. झाकून ठेवण्यापेक्षा हे बरं, पण याने आजार बरा होत नाही. २००५ मध्ये केन, लोवेनस्टाइन आणि मूर या अमेरिकन संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं. बरणीतल्या नाण्यांची किंमत ओळखायची, आणि सल्लागार तुम्हाला सल्ला देणार. त्याला तुमचा अंदाज वर जाण्यात फायदा. हितसंबंध उघड करायला लावले तेव्हा सल्लागारांचा सल्ला जास्तच फुगला. सांगून टाकलंय, आता ऐकणाऱ्याने बघून घ्यावं, असं त्यांना वाटत असावं. आणि ऐकणाऱ्यांनी त्या सल्ल्यातून जेवढं वजा करायला हवं होतं तेवढं केलंच नाही. सुनीता साह यांच्या नंतरच्या संशोधनात आणखी एक गोष्ट दिसते. हितसंबंध उघड झाल्यावर सल्ला नाकारणं जास्त अवघड होतं, कारण नाकारला तर ‘माझा तुमच्यावर विश्वास नाही’ असं तोंडावर म्हटल्यासारखं होतं. अमेरिकेत हे प्रयोगशाळेत सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे त्याला भीड म्हणतात, आणि भीड भिकेची बहीण हे आजी सांगून गेली आहे. रात्री दोन वाजता आईला तपासायला घरी आलेल्या डॉक्टरांनी सकाळी पॉलिसीचा फॉर्म पुढे केला तर त्यांना नाही म्हणणारा माणूस मला दाखवा.

आता दुसरी बाजू. ती पोकळ नाही.

वैद्यक आणि विमा एकत्र आणणारे सगळेच लबाड नव्हते. १९३३ मध्ये सिडनी गारफिल्ड नावाच्या तरुण सर्जनने कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटात, कोलोराडो नदीचं पाणी लॉस एंजलिसकडे नेणाऱ्या कालव्याच्या मजुरांसाठी छोटं रुग्णालय काढलं. बिलं वसूल होईनात, रुग्णालय बुडायला आलं. तेव्हा दर मजुरामागे दिवसाला पाच सेंट आगाऊ मिळावेत असं ठरलं, आणि कामाबाहेरच्या आजारांसाठी मजुराने हवं तर आणखी पाच सेंट द्यावेत. पैसे आधीच हातात आल्यावर गारफिल्डचा हिशेब उलटला. माणूस आजारी पडला तर खर्च त्याचा. मग म्हणे तो कामाच्या जागी जाऊन फळ्यांतून वर आलेले खिळे ठोकून घेऊ लागला, म्हणजे पाय फाटून कुणी दवाखान्यात येऊ नये. यातूनच पुढे कैसर पर्मनंटे ही मोठी संस्था उभी राहिली. अशा आगाऊ वर्गणीच्या वैद्यकसेवेला अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अनैतिक ठरवलं होतं. त्या विरोधापायी १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असोसिएशनलाच मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दोषी धरणारा निकाल कायम केला. नीतीचा झेंडा कधीकधी धंदा वाचवायलाही फडकतो, हे माझ्यासारख्यांनी ध्यानात ठेवावं.

आपल्याकडे याच वाटेने डॉ. देवी शेट्टी गेले. कर्नाटकात २००३ मध्ये सहकारी संस्थांच्या शेतकऱ्यांसाठी यशस्विनी योजना सुरू झाली. महिन्याला पाच रुपये वर्गणी, त्यात शस्त्रक्रिया. २०२४ मध्ये त्यांच्या नारायणा समूहाच्या विमा कंपनीला परवाना मिळाला. तिची पहिली पॉलिसी शस्त्रक्रियेसाठी एक कोटीपर्यंत आणि औषधोपचारासाठी पाच लाखांपर्यंत संरक्षण देणारी. एक कोटी ऐकून लोक चमकले. पण शस्त्रक्रिया आपल्याच टेबलावर होणार असेल तर कंपनीला ती बिलाच्या नव्हे, खर्चाच्या भावात पडते. त्याआधीही भारतातल्या आरोग्यविमा कंपन्यांपैकी कितीतरी रुग्णालयांच्या घरातच जन्मल्या. अपोलो म्युनिक अपोलोच्या, मॅक्स बुपा मॅक्सच्या, आणि रेलिगेअर हेल्थ ही फोर्टिसच्या त्या वेळच्या मालकांची. या तिन्ही पुढे दुसऱ्या हातांत गेल्या.

या प्रकारात हितसंबंधाचा संघर्ष संपत नाही, तो कूस बदलतो. जास्त उपचार करण्याचा मोह जातो आणि कमी करण्याचा येतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात लोक संतापले ते याच गोष्टीवर. अमुक उपचार उपलब्ध आहे हे रुग्णाला सांगायचीही डॉक्टरांना मुभा नव्हती, अशी कलमं काही करारांत होती. पण निदान इथे जोखीम आणि फायदा एका माणसाच्या पदरात येतात. गारफिल्डने खिळे ठोकले कारण फाटलेला पाय त्याच्या खर्चाने शिवायचा होता. आपल्या तालुक्यातल्या एजंट-डॉक्टरच्या पदरात जोखीम काहीच येत नाही. ती कंपनीची, आणि कंपनीने क्लेम नाकारला तर दुकानदाराची. त्याच्याकडे येतं ते फक्त कमिशन. म्हणून कैसरचा आणि नारायणाचा दाखला देऊन दवाखान्यातल्या एजन्सीचं समर्थन होत नाही. रुग्णालयांच्या विमा कंपन्यांसाठी वेगळे नियम हवेत. उपचार नाकारला तर बाहेरच्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क आणि नाकारलेल्या क्लेमचे आकडे जाहीर करण्याची सक्ती, एवढ्याने सुरुवात व्हावी. तो विषय मोठा आहे, आज तेवढाच.

जवळचा दाखला हवा असेल तर गिरणगावाचा घ्या. १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा १९५४ मध्ये मुंबईत लागू झाला आणि परळ-लालबागच्या चाळींखाली पॅनेल डॉक्टरांच्या पाट्या लागल्या. डॉक्टरला नोंदलेल्या कामगारांच्या डोक्यामागे ठरावीक रक्कम मिळे. कामगाराला डॉक्टर बदलण्याची मोकळीक होती. म्हणजे आजारपणाचं सर्टिफिकेट देताना जो हात आखडेल त्याची यादी आटणार आणि जो सढळ लिहील त्याची फुगणार. सरकारी योजना आखणाऱ्यांना हे कळलं होतं. म्हणून सर्टिफिकेट देणाऱ्या पॅनेल डॉक्टरवर त्यांनी वेगळा मेडिकल रेफरी बसवला. त्याला उपचारांतून काही मिळायचं नव्हतं, फक्त सर्टिफिकेट खरं की नाही एवढं पाहायचं. आज महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयाच्या दारात आरोग्यमित्र बसतो, तोही डॉक्टरच्या खुर्चीपासून वेगळा. साक्ष आणि फायदा वेगळे ठेवायचे, ही समज आपल्या सार्वजनिक योजनांत सत्तर वर्षांपासून आहे. खासगी बाजारात ती कुणी आणली नाही.

लहान गावातले डॉक्टर मला म्हणतात, ‘साहेब, आम्ही नाही विकली तर कोण विकणार? बँकेतला मुलगा कर्जाबरोबर गळ्यात मारतो, त्याला हायपरटेन्शनचं स्पेलिंग येत नाही.’ खरं आहे. म्हणून डॉक्टरने विम्यापासून दूर राहावं असं मी म्हणत नाही, विकण्यापासून दूर राहावं म्हणतो. रुग्णाला सांगा की विमा काढ. त्याची पॉलिसी वाचून द्या. रूम रेंटची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का असेल आणि तो महागड्या खोलीत राहिला तर नुसतं खोलीचंच नाही, डॉक्टरच्या फीपासून ऑपरेशन थिएटरपर्यंत बरंच बिल त्याच प्रमाणात कापलं जातं, हे बँकेतला मुलगा सांगणार नाही. २०२४ पासून आधीच्या आजारांवरचा वेटिंग पीरियड जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आला आहे, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज जुना आजार लपवला म्हणून क्लेम नाकारता येत नाही, हेही सांगा. म्हणजे खरं सांगून तीन वर्षं थांबणं हे खोटं बोलून पाच वर्षं जीव मुठीत धरण्यापेक्षा स्वस्त आहे, हा हिशेब कमिशन नसलेला डॉक्टरच शांतपणे मांडू शकतो. या कामाची फी घ्या. दोनशे, पाचशे, जे योग्य वाटेल ते, पावती देऊन. फी रुग्ण देतो, तेव्हा सल्ला रुग्णाचा होतो.

नियमात बदल करायचा तर कागदावर चारच ओळी लागतील. एजन्सीच्या अर्जात एक प्रश्न टाका, अर्जदार किंवा त्याच्या कुटुंबातलं कोणी नोंदणीकृत डॉक्टर आहे का? प्रपोजल फॉर्मवर दुसरा, हा प्रस्ताव आणणारा एजंट किंवा त्याचा नातेवाईक तुमच्यावर उपचार करतो का? उत्तर ‘हो’ आलं तर ती पॉलिसी त्या एजंटकडून स्वीकारू नका, कंपनीने थेट द्यावी. आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेने एक परिपत्रक काढून सांगावं की आपल्या रुग्णाला विकलेल्या विम्याचं कमिशन हे रुग्ण पाठवल्याच्या कमिशनसारखंच मानलं जाईल. कंपन्या कुरकुर करतील, कारण लहान गावांत डॉक्टर हा त्यांचा सर्वांत स्वस्त विक्रेता आहे.

राहिला एक प्रश्न, तो सभेआधी इथल्याच एका डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारला. म्हणाले, ‘मला पटतंय, पण माझ्या पत्नीच्या नावावर चाळीस-पन्नास पॉलिसी आहेत. एकदम सोडल्या तर त्या लोकांचं काय?’ पॉलिसी त्यांच्या आहेत, एजंटच्या नव्हेत. एजंट गेला म्हणून रिन्यूअल थांबत नाही, लोक थेट कंपनीकडे हप्ता भरू शकतात, हवं तर दुसऱ्या कंपनीत पोर्टही करू शकतात. पण त्याआधी प्रत्येक फाइल काढा. आपला केसपेपर आणि त्यांचा प्रपोजल फॉर्म शेजारी ठेवा. जिथे तारीख जुळत नाही तिथे रुग्णाला बोलवा, आणि त्याच्या सहीने कंपनीला दुरुस्तीचं पत्र पाठवा, आजार आणि तो केव्हापासून आहे हे लिहून. काही पॉलिसींचा हप्ता वाढेल, काही पॉलिसी कदाचित रद्दही होतील, आणि तुमच्या पत्नीच्या खात्यातलं मागचं कमिशन कंपनी परत मागू शकेल. पत्राची पोचपावती रुग्णाजवळ द्या.